जुना गिटार अ‍ॅम्प घेताना: आधी वजन, मग वॉट

जुना अ‍ॅम्प घ्यायला निघालेले बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो वॉटचा: ‘किती वॉटचा घेऊ?’ दुसरा प्रश्न कंपनीचा असतो. वजनाचा प्रश्न कुणी विचारत नाही. तो अ‍ॅम्प घरी आणल्यावर, जिना चढताना पडतो. गिटार शिकवताना हे मी इतक्यांदा पाहिलं आहे, की विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना मी उलट्या बाजूने विचार करायला सांगतो. हा अ‍ॅम्प कुठे कुठे वाजणार, तिथवर तो कोण नेणार आणि कशाने नेणार, एवढं आधी ठरवा. जो अ‍ॅम्प उचलायचा कंटाळा येतो, तो तालमीला जात नाही. मग पोरगं मित्राच्या अ‍ॅम्पवर वाजवतं आणि आपला अ‍ॅम्प घरात कपड्यांखाली जातो.

पाठीवर गिटारची बॅग असतेच. दुसरा हात लोकलच्या कडीला किंवा जिन्याच्या कठड्याला लागतो, त्यामुळे अ‍ॅम्पसाठी एकच हात उरतो. माझ्या पाहण्यात पाच किलोंपर्यंतचा अ‍ॅम्प कॉलेजातली मुलं-मुली कुरकुर न करता कुठेही नेतात. सात-आठ किलोंचा अ‍ॅम्प बसने-लोकलने नेता येतो, फक्त गर्दीची वेळ टाळावी लागते. अकरा-बारा किलोंचा स्कूटरवर पायाशी ठेवून न्यावा लागतो. पंधराच्या वर गेलात की दर वेळी रिक्षा आली. दर आठवड्याला तालीम असेल तर वर्षभराचं रिक्षाभाडं एकदा कागदावर मांडून पाहा, स्वस्तात मिळालेला जड अ‍ॅम्प किती महाग पडतो ते लगेच दिसेल.

हे वजन येतं कुठून, ते कळलं की निवड सोपी होते. सगळ्यात जड असतो तो लोखंडी गाभ्याचा, तांब्याची तार गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर. ट्यूबच्या अ‍ॅम्पमध्ये असे निदान दोन असतात, एक वीज घेणारा आणि दुसरा स्पीकरकडे आवाज पोचवणारा. त्यानंतर स्पीकरचं चुंबक, आणि मग खोकं. स्वस्त खोकी बहुधा दाबलेल्या भुश्श्याच्या फळीची असतात आणि ती आकाराच्या मानाने जड भरतात. फेंडर कंपनीचंच उदाहरण घ्या. त्यांचा ट्यूबवाला ’६५ डिलक्स रिव्हर्ब हा २२ वॉटचा अ‍ॅम्प सुमारे १९ किलोंचा आहे. २०१९ साली त्यांनी त्याच आवाजाचा ‘टोन मास्टर’ काढला. त्यात ट्यूबच्या जागी डिजिटल सर्किट, वीज कमी खाणारा क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायर, निओडिमियम चुंबकाचा स्पीकर आणि पाइनचं खोकं आलं, आणि वजन साडेदहा किलोंच्या आत उतरलं. तो महाग आहे, या लेखातला नव्हे. पण वजन कुठे वाचतं ते त्यावरून कळतं. जाहिरातीत वजन लिहिलेलं नसेल तर मॉडेलचं पूर्ण नाव विचारून कंपनीचं मॅन्युअल उघडा. शेवटच्या एक-दोन पानांवर वजन, वॉट आणि स्पीकरचा आकार दिलेला असतो.

आता वॉट. दहाचे वीस वॉट केले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. वॉट दुप्पट झाले की आवाज ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला तो ‘थोडा वाढला’ इतपतच जाणवतो. दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. स्पीकर किती कार्यक्षम आहे याचा फरक याहून मोठा पडतो. एक वॉटवर, एक मीटर अंतरावर एक स्पीकर ९० डेसिबल देत असेल आणि दुसरा ९६, तर दुसऱ्याच्या १० वॉटची बरोबरी करायला पहिल्याला ४० वॉट लागतील. म्हणून मोठ्या स्पीकरचा पंधरा वॉटचा अ‍ॅम्प लहान स्पीकरच्या तीस वॉटच्या अ‍ॅम्पला सहज मागे टाकतो. जाड आवाजासाठीही स्पीकरचा व्यास लागतो. गिटारची सहावी तार मोकळी वाजवली की तिचा स्वर ८२ हर्ट्झचा असतो. पाच इंची स्पीकर तो मूळ स्वर जेमतेम देतो. आठ इंचीत तो बरा येतो, दहा इंचीत भरीव वाटतो.

हे सगळं आपल्या घरांना लावून पाहू. फ्लॅटमध्ये सराव करायला दोन-तीन वॉट पुरतात, पाच म्हणजे शेजारी बेल वाजवतील इतका आवाज. दोन गिटार आणि गाणारा एक, अशा बैठकीला आठ इंची स्पीकरचा पंधरा-वीस वॉटचा अ‍ॅम्प पुरे. खरा ड्रमसेट आला की हिशेब बदलतो. तिथे दहा इंची स्पीकर आणि तीस वॉट ही किमान गरज समजा, बारा इंची आणि पन्नास वॉट असतील तर वाजवताना ताण येत नाही. मात्र गणपतीच्या मांडवात, कॉलेजच्या गॅदरिंगला किंवा चर्चमध्ये साउंडवाल्याची सिस्टीम असतेच. अ‍ॅम्पसमोर माइक लावला की प्रेक्षकांपर्यंत आवाज त्याच्या स्पीकरमधून जातो, तुमचा अ‍ॅम्प फक्त तुम्हाला ऐकू यायला हवा. मोठ्या स्टेजसाठी म्हणून मोठा अ‍ॅम्प घेणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. वॉट साउंडवाला आणतो, तुम्ही आवाजाचा पोत न्यायचा असतो.

स्वस्त आणि हलका हवा असेल तर ट्यूबचा मोह सध्या सोडा. ट्यूबचा आवाज सुंदर असतो, त्याबद्दल वाद नाही. पण जुन्या ट्यूब झिजतात, बदलायचा खर्च येतो, आणि स्पीकर न जोडता अ‍ॅम्प चालू केला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट साठून राहतात, तेव्हा घरच्या घरी उघडून पाहण्याची ती वस्तूच नव्हे.

ट्रान्झिस्टरचा छोटा अ‍ॅम्प ही जुन्या बाजारातली सगळ्यात निर्धोक खरेदी आहे असं माझं ठाम मत आहे. त्यात झिजणारं फार काही नसतं. जॅक, नॉब आणि स्पीकर धड असले तर पंधरा वर्षांचा अ‍ॅम्पही नव्यासारखा वाजतो. तरीही तो स्वस्त मिळतो, कारण वाजवणाऱ्यांमध्ये त्याला मान नाही आणि ‘शिकाऊ’ म्हणून तो विकून टाकायची सर्वांनाच घाई असते. डिजिटल मॉडेलिंगच्या अ‍ॅम्पचं थोडं वेगळं आहे. बॉसचा कटाना-५० बघा. मूळ मॉडेल आल्यावर २०१९ मध्ये मार्क-टू आला, २०२४ मध्ये तिसरी पिढी आली. नवी आवृत्ती आली की जुनीचा भाव उतरतो, आवाज मात्र होता तसाच राहतो. हा उतार तुमच्या फायद्याचा आहे.

या अ‍ॅम्पांपैकी मी सर्वांत जास्त सुचवतो ते रोलंडचे क्यूब. पुढे लोखंडी जाळी, कोपरे पक्के, आणि आपटाआपटी सोसतात. क्यूब-२०एक्सएल आठ इंची स्पीकरचा आहे, क्यूब-३०एक्स दहा इंची. छोट्या बँडला आणि घरालाही क्यूब-३०एक्स चालतो, आणि एका हातात येतो. मायक्रो क्यूब तर दोन वॉटचा, पाच इंची स्पीकरचा, सव्वातीन किलोंच्या आसपासचा आणि सहा पेन्सिल सेलवर चालणारा. खोलीत सराव करायला आणि सहलीला न्यायला त्याच्याइतका उपयोगी अ‍ॅम्प मला माहीत नाही, पण ड्रमसमोर तो ऐकू येणार नाही. व्हॉक्सचा पाथफाइंडर १० पाच किलोंच्या आत असून त्याचा स्वच्छ, न फाटलेला आवाज गोड आहे. फेंडरचा चॅम्पियन २० साडेपाच किलोंच्या आसपास भरतो. यामाहाचा टीएचआर१० तीन किलोंच्या आतला, घरात हळू आवाजात वाजवण्यासाठीच घडवलेला. जुना कटाना-५० बारा इंची स्पीकरचा आणि साडेअकरा किलोंचा आहे. हलक्यांमध्ये तो जड पडतो, पण ड्रमसेटसमोर उभा राहतो आणि बटणाने अर्ध्या वॉटवर आणून रात्री घरातही वाजवता येतो. ज्याला एकच अ‍ॅम्प घ्यायचा आहे आणि ज्याच्याकडे स्कूटर आहे, त्याला मी हाच सांगेन. स्ट्रेंजरसारख्या भारतीय कंपन्यांचे छोटे अ‍ॅम्पही भरपूर फिरतात. बजेट अगदीच तुटपुंजं असेल तर ते बघायला हरकत नाही, फक्त मोठ्या आवाजात खोकं खडखडत नाही ना, ते ऐकून घ्या.

गिटार कोणती आहे, हेही विसरू नका. पिकअप लावलेली अकूस्टिक गिटार इलेक्ट्रिकच्या अ‍ॅम्पवर दबलेली वाजते, कारण या अ‍ॅम्पचे स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचा आवाज फारसा देत नाहीत. अकूस्टिकसाठी ट्वीटर असलेला वेगळा अ‍ॅम्प मिळतो, तोच घ्या. आणि बेस गिटार छोट्या गिटार अ‍ॅम्पला कधी लावू नका, स्पीकर फाटतो.

परदेशातून येणाऱ्या अ‍ॅम्पबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे नुकसान मोठं होतं. न्यू जर्सीतला मामा परतताना आपला अ‍ॅम्प भाच्याला देतो, किंवा तिथून आणलेला अ‍ॅम्प कुणीतरी इथे विकायला काढतो. अमेरिकेत वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची असते, जपानमध्ये १०० व्होल्ट. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तिकडचा अ‍ॅम्प नुसता पिन बदलून इथे लावला तर नशीब चांगलं असेल तर फ्यूज जातो, नाहीतर ट्रान्सफॉर्मर. अ‍ॅम्पच्या पाठीमागे, वायर जिथे आत जाते तिथे व्होल्टेज छापलेलं असतं. ‘१००–२४०’ असेल तर निर्धास्त घ्या. नुसतं ‘१२०’ असेल तर वेगळा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. तो अ‍ॅम्पच्या विजेच्या गरजेपेक्षा बराच मोठा घ्यावा लागतो आणि स्वतःच काही किलोंचा असतो. हलका अ‍ॅम्प घेतल्याचा उपयोग तिथेच संपला. शिवाय केवळ ६० हर्ट्झसाठी केलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जास्त तापतो. बाहेरच्या अडॅप्टरवर चालणारे छोटे अ‍ॅम्प मात्र या भानगडीतून सुटतात, कारण अडॅप्टर तेवढा इथला घेतला की झालं. घेताना व्होल्ट, अँपिअर आणि पिनची दिशा तिन्ही जुळवा. रोलंड-बॉसच्या बऱ्याच उपकरणांत आतली पिन ऋण असते, बाजारातल्या साध्या अडॅप्टरमध्ये ती बहुधा धन असते. आखाती देशांतून आलेला अ‍ॅम्प बहुतेक वेळा थेट चालतो, तरी पाठीमागचा आकडा वाचल्याशिवाय प्लग लावू नका.

आता प्रत्यक्ष पाहणी. विकणाऱ्याच्या घरी दिवसाउजेडी जा. आपली गिटार आणि आपली केबल न्या, कारण त्याची केबल खराब असेल तर दोष कुणाचा तेच कळणार नाही. हेडफोन आणि मोबाइलचा टॉर्च हवा. ‘काका, मी येईपर्यंत अ‍ॅम्प चालू करू नका’ असं आधीच फोनवर सांगून ठेवा. गार असताना एक आणि तापल्यावर दुसरंच वागणारे अ‍ॅम्प असतात.

चालू करण्याआधी नजर फिरवा. स्क्रू गंजलेत का, कापडावर बुरशीचे डाग आहेत का, खोक्याच्या खालच्या कडा फुगल्यात का? कोकणात आणि गोव्यात चार महिने दमट हवेत पडून राहिलेला अ‍ॅम्प बाहेरून पुसून चकचकीत करता येतो, पण जॅकच्या आतला हिरवा थर आणि फुगलेली फळी लपत नाही. सेलवर चालणारा असेल तर सेलचं झाकण उघडून बघाच. सेल गळून स्प्रिंगवर पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर आतली तारही सर्किटपर्यंत खाल्लेली असू शकते. नाक जवळ न्या, जळका वास बराच काळ टिकतो.

मग प्लग. वरची जाड पिन, म्हणजे अर्थिंगची, जागेवर आहे का? काही जण गुणगुण कमी करायला ती कापतात किंवा दोन पिनांचा कन्व्हर्टर लावतात. हे जिवावर बेतू शकतं. गिटारच्या तारा केबलमधून अ‍ॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. आतमध्ये काही बिघडलं आणि अर्थिंग नसेल, तर तारांवर हात आणि माइकला ओठ अशा अवस्थेत शॉक बसतो. असा प्लग दिसला तर अ‍ॅम्प घ्या, पण आधी प्लग बदला आणि मगच वाजवा.

आता व्हॉल्यूम शून्यावर ठेवून चालू करा आणि गप्प बसून ऐका. बारीक ‘स्स’ चालतं. जाड ‘हंऽऽ’ असेल तर गिटारची केबल अ‍ॅम्पच्या बाजूने काढा. गुणगुण थांबली तर दोष गिटारचा, केबलचा किंवा खोलीतल्या दिव्यांचा. तशीच राहिली तर अ‍ॅम्पचा, बहुधा फिल्टर कपॅसिटर थकलेले. गिटार लावल्यावर तारांना हात लागताच भुणभुण कमी होत असेल तर घाबरू नका, बहुतेक इलेक्ट्रिक गिटारींचं असंच असतं.

प्रत्येक नॉब शून्यापासून शेवटपर्यंत सावकाश फिरवा. खरखर म्हणजे आत धूळ, कॉन्टॅक्ट क्लीनरच्या दोन फवाऱ्यांत जाते. पण एखाद्या जागी आवाज पूर्ण गायब होत असेल तर तो नॉब बदलावा लागेल. त्यानंतर सगळ्यात महत्त्वाची तपासणी. केबलचं टोक जॅकमध्ये असताना बोटांनी ते वर-खाली, डावी-उजवीकडे हलकं हलवा. कड्कड् आवाज आला किंवा आवाज जाऊ-येऊ लागला, तर जॅकचं सोल्डरिंग तडकलंय. छोट्या अ‍ॅम्पमध्ये जॅक थेट सर्किटच्या पाटीवर डकवलेला असतो. वाजवणारा केबलमध्ये पाय अडकून पुढे गेला की सगळा ताण त्या चार टाक्यांवर येतो. छोट्या अ‍ॅम्पचं दुखणं निघालं की निम्म्या वेळा ते इथेच असतं असा माझा अनुभव आहे. दुरुस्ती सोपी आहे, चांगला मेकॅनिक तासाभरात करून देतो. म्हणून असा अ‍ॅम्प टाळू नका. फक्त भाव त्या हिशेबाने पाडून मागा.

स्पीकरसाठी आवाज स्वच्छ ठेवून, बेसचा नॉब अर्ध्याच्या वर नेऊन सहावी तार जोरात वाजवा. फरफर ऐकू आली तर जाळीतून टॉर्च मारून कागदी कोन कुठे फाटलाय का पाहा. पाठ उघडी असेल तर दोन्ही हातांची बोटं कोनाच्या दोन बाजूंना ठेवून अगदी हळू, सरळ आत दाबा. घासल्याचा आवाज आला तर कॉइल हललेली आहे. स्पीकर बदलावा लागेल, आणि स्वस्त अ‍ॅम्पमध्ये तो खर्च परवडत नाही.

हेडफोन लावा आणि काढा. काढल्यावर स्पीकर परत बोलला पाहिजे. चॅनल बदला, रिव्हर्ब वाढवा. डिजिटल असेल तर प्रत्येक आवाजावर एकदा जा, यूएसबी असेल तर तीही जोडून बघा. यात घाई करू नका. डिजिटल पाटी गेली तर सहसा अख्खी बदलावी लागते आणि जुन्या मॉडेलची ती मिळेलच असं नाही. याउलट साध्या अ‍ॅनालॉग अ‍ॅम्पांपैकी अनेकांत टीडीए२०३० किंवा टीडीए२०५० अशी आयसी असते. ती मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत शोधणं अवघड नाही. दोन्ही सारखेच आवडले आणि घर तालुक्याच्या गावी असेल, तर मी अ‍ॅनालॉगकडे झुकेन.

एवढं झाल्यावर अर्धा तास वाजवत राहा, गप्पा मारा, चहा घ्या. तापल्यावर आवाज बसतो का, कडकडतो का, ते याच वेळात कळतं. ‘का विकताय?’ हेही विचारा. मुलगा शिकायला बाहेर गेला, मोठा अ‍ॅम्प घेतला, अशी उत्तरं सरळ असतात. बिल असेल तर मागा, नसेल तर अनुक्रमांकाचा फोटो आणि दोन ओळींची सही केलेली पावती घ्या.

भावाचा माझा हिशेब असा आहे. तेच मॉडेल, किंवा त्याची आजची आवृत्ती, नवी कितीला मिळते ते त्याच दिवशी पाहा. सगळं चालू असलेल्या अ‍ॅम्पला त्याच्या निम्मे द्या, अगदी कोरा आणि बिलासह असेल तर साठ टक्क्यांपर्यंत जा. अडॅप्टर नसेल, जॅक हलत असेल, फूटस्विच हरवला असेल, तर तो तो खर्च वजा करा. ‘आता मिळत नाही’ या कारणासाठी जास्त पैसे देऊ नका. शिकाऊ अ‍ॅम्प दुर्मीळ नसतात, दोन आठवडे थांबलात तर दुसरा येतो. न पाहता आगाऊ रक्कम कुणालाही पाठवू नका, समोरचा कितीही मोठ्या नोकरीचं ओळखपत्र दाखवो. आणि जाण्यापूर्वी शक्य असेल तर एखाद्या मोठ्या दुकानात तोच अ‍ॅम्प नवा वाजवून पाहा. मुंबईत धोबी तलावला १८६५ पासून चालत आलेलं फुर्तादोज आहे. नवा कसा वाजतो ते कानात असेल तर जुन्यातला दोष चटकन पकडता येतो.

घरी आणल्यावर पहिल्याच रविवारी नॉबमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, प्लग काढलेला असताना. जॅकची बाहेरची चकती सैल असेल तर पान्याने हलकी आवळा. केबल आधी हँडलमधून एक वेढा घेऊन मग जॅकमध्ये घाला, म्हणजे पाय अडकला तरी ओढ हँडलवर येईल. अ‍ॅम्प जमिनीवर ठेवला तर आवाज गुडघ्यांना लागून जातो आणि कानाला कमी वाटतो, मग माणूस व्हॉल्यूम वाढवत सुटतो. खुर्चीवर, किंचित मागे कलता ठेवा, आहे त्या वॉटमध्ये तो कितीतरी जास्त ऐकू येईल. पावसाळ्यात भिंतीपासून वीतभर दूर, फळीवर ठेवा आणि आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास चालू करा. महिनाभर वाजवणार नसाल तर सेल काढून ठेवा.